वारंवार होणारं यीस्ट इन्फेक्शन आणि आहार: साखर सोडल्याने खरंच फरक पडतो का?

निळाई
विषय नाजूक आहे, पण आयडीमागे लपून विचारता येतं याचा फायदा घेतेच. योनीमार्गातला बुरशीचा संसर्ग (यीस्ट, कॅन्डिडा, थ्रश, जे काही म्हणत असाल ते) मला पुन्हापुन्हा होतोय. फ्लुकोनाझोलची एक गोळी घेतली की दोन-तीन दिवसांत आराम पडतो, महिना-दीड महिना बरा जातो आणि परत पहिले पाढे पंचावन्न. खाज, लघवीला गेलं की आग, फाटलेल्या दुधासारखं पांढरं जाणं. दर वेळी तीच चिठ्ठी, तीच गोळी.

आता एका मैत्रिणीने 'कॅन्डिडा डाएट'चा तक्ता पाठवलाय. साखर बंद, मध बंद, फळं बंद, ब्रेड बंद, दूध बंद, चीज बंद, मशरूम बंद, व्हिनेगर बंद, कॉफी बंद. उरलं काय, तर पालेभाज्या, अंडी आणि पाणी. वर अशी टीप की पहिल्या आठवड्यात डोकं दुखेल, चिडचिड होईल, तर घाबरू नका, आतली बुरशी मरतेय म्हणून तसं होतं.

कुणी केलंय का हे? सगळा तक्ता पाळायला लागतो की नुसती साखर सोडून भागतं? आणि दह्याचं काय? तक्त्यात वर दूध बंद आहे आणि खाली 'दही भरपूर खा' असं लिहिलंय.

शेवंती
मी केलंय. सगळा तक्ता नाही, पण साखर, केक, कोल्ड्रिंक, बिस्किटं, मैदा हे पार बंद. पहिला आठवडा जीव नकोसा झाला, बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना. पण नंतर आजपर्यंत त्रास नाही. आहाराचं नाव काढलं की डॉक्टर हसण्यावारी नेतात, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. करून बघ गं, तोटा तर काही नाही?

घुबड
शेवंती, एक विचारू? साखर बंद केलीत तेव्हा गोळ्याही चालू होत्या का?

शेवंती
होत्या. आठवड्याला एक, सहा महिने. पण गोळ्या मी त्याच्या आधीही घेतच होते की, तेव्हा का नाही थांबलं?

घुबड
आधी दर आठवड्याला घेत होतात की त्रास झाला की एक?

शेवंती
त्रास झाला की एक. कळलं मला काय म्हणायचंय ते. तरीही साखर सोडल्याचा मला फायदाच झालाय आणि मी ती परत सुरू करणार नाहीये.

पांढरा_कोट
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, एरवी रोमात (नुसती वाचत) असते. लिहायला बसले कारण असा तक्ता कुणी ना कुणी फोनवर उघडून माझ्यासमोर धरतंच. इथलं वाचून स्वतःचं निदान करू नका, हे एकदाच सांगते आणि पुढे जाते.

वर्षभरात तीन किंवा जास्त वेळा झाला तर आम्ही त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतो. पूर्वी चार धरायचे, काही जण अजूनही चारच धरतात. आयुष्यात एकदा तरी हा त्रास साधारण चारातल्या तीन बायकांना होतो. वारंवार होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात दहाच्या आत. निळाई, तुम्ही यात एकट्या नाही, आणि याचा स्वच्छतेशी फारसा संबंधही नाही. उलट सुगंधी साबण, आतून पाणी मारून धुणं, 'तिथलं' म्हणून विकले जाणारे वॉश यांनी आग वाढते. बाहेरून साधं पाणी पुरतं.

आता साखर. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं. त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू पोसले जातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. म्हणजे तिथे खाद्य मुळातच आहे, तुम्ही चमचाभर साखर खा अगर खाऊ नका. कॅन्डिडाही कित्येक निरोगी बायकांच्या योनीमार्गात आणि आतड्यात गुपचूप राहत असते. अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण, हार्मोनची औषधं, स्टिरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, आटोक्यात नसलेला मधुमेह, यातलं काही आलं की ती डोकं वर काढते. आणि पुष्कळ जणींमध्ये यातलं एकही कारण सापडत नाही. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. मग कारण म्हणून जेवणाचं ताट पुढे येतं.

मधुमेह नसेल तर पोटभर जेवल्यावरही रक्तातली साखर सहसा १४० मिलिग्रॅमच्या आत राहते. मूत्रपिंडं साखर लघवीत सोडू लागतात ती साधारण १८० च्या पुढे. त्यामुळे धडधाकट बाईने केकचा तुकडा खाल्ला तर त्यातली साखर खाली उतरून बुरशीला मिळते, हे चित्र चुकीचं आहे. मधुमेह असेल आणि आटोक्यात नसेल, तर मात्र ते चित्र बऱ्यापैकी खरं आहे. तिथे आहार हा उपचाराचाच भाग. म्हणून तक्ता फ्रिजवर चिकटवण्याआधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) करून घ्या. ५.७ च्या खाली असेल तर साखरेच्या नावाने स्वतःला छळण्यात अर्थ नाही. ६.५ किंवा वर असेल तर सगळी चर्चाच बदलते.

उपचाराबद्दल. सुटी गोळी हा कधीमधी होणाऱ्या संसर्गाचा उपचार आहे. वारंवार होणाऱ्यात आम्ही सहसा फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन वेळा देतो आणि मग आठवड्याला एक, सहा महिने. शेवंती यांनी घेतला तो हाच कोर्स. २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये याची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांना आधी तीन गोळ्या देऊन बरं केलं, मग अर्ध्यांना खरी साप्ताहिक गोळी आणि अर्ध्यांना नकली. सहा महिन्यांनी खरी गोळी घेणाऱ्यांतल्या ९१ टक्के बायकांना संसर्ग उलटला नव्हता, नकलीवाल्यांत ३६ टक्के. गोळ्या थांबवून आणखी सहा महिने गेल्यावर हेच आकडे ४३ आणि २२ वर आले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. गोळी थांबल्यावर निम्म्याहून जास्त जणींना परत होतो, म्हणजे औषध काही जादू नाही. आणि नकली गोळी घेऊनही तिघींतल्या एकीला सहा महिने काही झालं नाही. त्या काळात तिने मशरूम सोडले असते तर तिने शपथेवर सांगितलं असतं की मशरूममुळेच होत होतं.

घुबड
शेवटच्या वाक्याला +१००.

शेवंती
टोमणा पोचला, डॉक्टर.

पांढरा_कोट
टोमणा नाही हो. साखर सोडली ते चांगलंच केलंत, दातांना आणि वजनाला फायदाच. फक्त दुसरीला 'तोटा काही नाही' म्हणताना जपून. माझ्याकडे या तक्त्यापायी हाडं दिसायला लागलेल्या मुली येतात.

दुपारचा_चहा
डॉक्टर, लघवीतल्या साखरेवरून आठवलं. माझ्या सासूबाईंना बरीच वर्षं मधुमेह आहे. मागे त्यांचं औषध बदललं आणि थोड्याच दिवसांत त्यांना खाली भयंकर खाज सुरू झाली. त्या बोलेनात, आणि मला कळलं तेव्हा चालताना पाय फाकवून चालायची वेळ आली होती. आम्ही घरच्यांनी त्यांचंच खाणं कमी केलं, भात कमी, फळं कमी. बोटातून रक्त काढून मशीनवर बघावं तर साखर छान. लघवीचा रिपोर्ट आला त्यात मात्र साखरेसमोर चार अधिक चिन्हं! आम्हाला वाटलं लॅबची गडबड.

ती गडबड नव्हती. नवं औषध एम्पाग्लिफ्लोझिन होतं. ते रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतं, तेच त्याचं काम. म्हणजे रक्तात साखर चांगली आणि लघवीत ठासून भरलेली. हे जिने औषध लिहून दिलं तिने आधी सांगितलं असतं तर त्या माउलीचे हाल वाचले असते.

पांढरा_कोट
अगदी बरोबर. डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही त्याच कुटुंबातली. या गटातल्या औषधांनी जननेंद्रियांवर बुरशी होणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, पुरुषांनाही होतो. पण कृपया हे वाचून कुणी गोळी परस्पर बंद करू नका, हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्यांचा मोठा फायदा असतो. डॉक्टरांना सांगा, मग ठरवता येतं. आणि मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्यांबरोबर (सल्फोनिलयुरिया गट) फ्लुकोनाझोल घेतलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्याचं जमत नाही. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका म्हणतो ते एवढ्यासाठी.

काडेपेटी
आमच्या वेळी असले आजार ऐकलेही नव्हते. हल्ली बाहेरचं खाणं आणि घट्ट जीन्स, दुसरं काय.

घुबड
ऐकले नव्हते कारण कुणी सांगत नव्हतं. वरचा सासूबाईंचा किस्सा वाचा, आजही सांगत नाहीत.

प्रयोगशाळेतली
सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, तर थोडं आमच्या टेबलावरून.

स्वॅब (कापसाच्या बोळ्यावर घेतलेला स्रावाचा नमुना) आला की काचपट्टीवर थोडा स्राव घेऊन त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो. त्याने बाकीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी तेवढी उरते: गोल-लांबट कळ्या, आणि त्यांना फुटलेले लांब धागे. बाकीचा स्वॅब साबुरो अगारच्या (बुरशी वाढवायच्या खाद्याच्या) प्लेटवर फिरवतो. एक-दोन दिवसांत सायीसारखे पांढरे, गुळगुळीत ठिपके उगवतात, वास ब्रेडच्या यीस्टसारखा. मग कॅन्डिडाची जात कुठली ते शोधायचं. बहुतेक वेळा अल्बिकन्स निघते. तिला रक्तद्रवात ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की कळीला नळीसारखा कोंब फुटतो, तो बघायला मला अजूनही आवडतं. ग्लॅब्राटा निघाली तर कोंब फुटत नाही, आणि रिपोर्ट बघून डॉक्टरांच्या कपाळावर आठी, कारण तिच्यावर फ्लुकोनाझोल बऱ्याचदा नीट चालत नाही.

आता गंमत. त्या साबुरो प्लेटमध्ये लिटरला ४० ग्रॅम ग्लुकोज असतं. 'कॅन्डिडा साखरेवर वाढते' हे तिथे डोळ्यांनी दिसतं, आणि तक्ते बनवणारे इथूनच उडी मारतात. पण उपाशीपोटी तुमच्या रक्तात लिटरला ग्रॅमभर सुद्धा ग्लुकोज नसतं. अख्ख्या अंगातल्या रक्तात मिळून जेमतेम एक चहाचा चमचा. आणि साखर नसली तर कॅन्डिडा उपाशी मरते असंही नाही. ती लॅक्टिक आम्लावर जगते, अमिनो आम्लांवर जगते, मेदावर जगते. तिला उपाशी मारायच्या नादात आधी तुम्ही जाल.

दुसरं, ब्रेडचं यीस्ट आणि कॅन्डिडा हे वेगवेगळे जीव आहेत. ब्रेडमधलं यीस्ट भट्टीत मरून जातं. त्यामुळे 'यीस्ट आहे म्हणून ब्रेड बंद' याला काही बूड नाही. मशरूम तर कॅन्डिडाच्या फारच लांबच्या नात्यातले, ते खाऊन तिची संख्या वाढायचं कारणच नाही. शरीर 'अल्कलाइन' करायच्या आहाराबद्दलही तेच. योनीमार्गाचा पीएच मुळात आम्लधर्मी, ३.८ ते ४.५, आणि कॅन्डिडाचा संसर्ग असतानाही तो सहसा तेवढाच असतो. पीएच ४.५ च्या वर गेलेला दिसला तर मी उलट दुसरं काहीतरी शोधते.

आणि ते 'दुसरं काहीतरी' फार वेळा सापडतं. चिठ्ठीवर 'यीस्ट' लिहिलेलं असतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी लडबडलेल्या पेशी दिसतात, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. त्याला मासळीसारखा वास येतो, खाज कमी, औषध पूर्ण वेगळं. अमेरिकेतल्या एका पाहणीत दुकानातून स्वतःहून बुरशीचं औषध घेणाऱ्या बायका तपासल्या, तर फक्त तिघींतल्या एकीलाच निव्वळ यीस्ट होतं. निळाई, तुझा कल्चर (म्हणजे स्वॅब असा प्लेटवर वाढवून जात ओळखणं) कधी झालाय का?

निळाई
कधीच नाही. मी लक्षणं सांगते आणि मला गोळी मिळते. अर्ध्या वेळा तर फोनवरच.

कासवचाल
माझं थोडं लांबेल.

मी हा तक्ता पूर्ण पाळला. अगदी औषधाच्या सिरपमधली साखर वाचून ते परत करण्यापर्यंत. कुणाकडे जेवायला जायचं म्हटलं की माझा डबा वेगळा. सगळे विचारायचे आणि खरं कारण सांगता यायचं नाही, मग पोटाचं काहीतरी निमित्त. वजन घसरत गेलं, केस गळायला लागले, पाळी लांबली. खाज तिथल्या तिथे. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं तेव्हा 'बुरशी मरतेय' म्हणून मी खूश झाले होते. ती कॉफी सुटल्याची डोकेदुखी होती. खाज नाही गेली की तक्ता बनवणारे म्हणायचे, कुठेतरी चोरून खाल्लं असशील, नीट आठव. या एका वाक्याने माझी झोप उडवली होती.

शेवटी एका डॉक्टरांनी मला टेबलावर घेऊन नीट दिवा मारून बघितलं. एवढंच, बघितलं. आधी कुणी बघितलंच नव्हतं. कातडी पांढरट, पातळ, चकचकीत झाली होती. लायकेन स्क्लेरोसस निघालं. तो बुरशीचा आजारच नाही, कातडीचा आहे. क्लोबेटासॉल मलम सुरू झालं आणि काही आठवड्यांत मी रात्री शांत झोपायला लागले.

मी आहाराच्या विरोधात नाही. पण खाज म्हणजे बुरशी आणि बुरशी म्हणजे साखर, या दोन उड्या मारण्याआधी कुणाला तरी बघायला लावा.

पांढरा_कोट
कासवचाल, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. फक्त एक जोडते: क्लोबेटासॉल हे जोरदार स्टिरॉइड आहे. खरंच बुरशी असेल आणि त्यावर ते लावलं तर बुरशी फोफावते. त्यामुळे हेही मनाने लावायचं नाही.

संयोजक
'७ दिवसांत कॅन्डिडा साफ' किटची जाहिरात करणारा प्रतिसाद उडवला आहे. सकाळी पेल्यातल्या पाण्यात थुंकून कॅन्डिडा ओळखण्याची चाचणी त्यात दिली होती. कुणी वाचली असेल तर विसरा.

दुपारचा_चहा
अरेरे, मी थुंकून बसले होते.

प्रयोगशाळेतली
थुंकीचे धागे पाण्यात खाली उतरतातच. कॅन्डिडा असो वा नसो.

मधली_सुट्टी
दह्याचं कुणी बोललंच नाही. आणि लसणीचं? माझी वहिनी लसणीची सोललेली पाकळी आत ठेवते म्हणे.

घुबड
दह्याबद्दल मी बरंच वाचलंय, तर सांगते.

दह्याची कीर्ती ज्यावर उभी आहे तो अभ्यास १९९२ चा. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांनी लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस असलेलं दही सहा महिने रोज वाटीभर खाल्लं, आणि संसर्गाचं प्रमाण एकतृतीयांशावर आलं. ऐकायला छान. पण सुरुवात केलेल्या ३३ जणींतल्या फक्त १३ जणींनी तो शेवटपर्यंत पूर्ण केला. शिवाय दही खातोय की नाही हे खाणाऱ्याला माहीतच असणार. मग २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातला मोठा अभ्यास आला. अँटिबायोटिक घेणाऱ्या दोनशेहून जास्त बायकांना लॅक्टोबॅसिलस पोटातून, योनीतून, किंवा दोन्हीकडून दिला. काही उपयोग झाला नाही, २३ टक्क्यांना यीस्ट झालंच. त्यात खाऊन तर नाहीच, तिथे थेट ठेवूनही नाही.

याचा एक अर्थ असा की जंतू कुठला यावर बरंच अवलंबून आहे. योनीमार्गात राहणारे जंतू प्रामुख्याने क्रिस्पॅटस, गॅसेराय, जेन्सेनाय वगैरे जातींचे. दह्यात असतात ते दुसरेच, त्यांना दूध आवडतं. गोड, फळांच्या स्वादाच्या दह्यात तर साखरच जास्त. साधं दही आवडत असेल तर खा, पचनाला बरं, प्रथिनं मिळतात. औषध म्हणून खाऊ नका आणि आत तर मुळीच लावू नका.

लसूण खाण्यावरही चाचणी झाली आहे, कॅन्डिडाच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आत ठेवणं म्हणजे निव्वळ भाजून घेणं. लसणीने हातावर फोड आलेले मी पाहिलेत. तिथली कातडी हातापेक्षा किती नाजूक ते सांगायला नको.

पांढरा_कोट
लसणीची अडकलेली पाकळी मी चिमट्याने काढलेली आहे. वहिनींना सांगा.

बोरिक ॲसिडचं कुणी विचारण्याआधीच लिहिते. ग्लॅब्राटासारख्या जातींवर ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल योनीत ठेवायला रोज, तीन आठवडे देतात, उपयोगही होतो. पण त्या गिळल्या तर विष आहे, जीव जाऊ शकतो. लहान मुलं असलेल्या घरात तर कुलपात. गरोदरपणात अजिबात नाही.

साधा_माणूस
बायकोला हा त्रास आहे. नवऱ्यानेही औषध घ्यायचं असतं का? आणि घरात मीही साखर सोडली तर तिला बरं वाटेल का?

पांढरा_कोट
तुम्हाला लक्षणं नसतील तर सहसा गरज नाही, हा संसर्ग लैंगिक आजारात धरत नाहीत. लालसरपणा, खाज असेल तर दाखवा. साखरेचं तुमचं तुम्ही ठरवा. तिला बरं वाटेल ते तिच्यावर संशय न घेता दवाखान्यात सोबत गेलात तर.

घुबड
निळाई, आहाराची नोंदवही ठेवणार असशील तर तिच्यात पाळीची तारीख आधी लिही. पुष्कळ जणींचा त्रास पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतो आणि पाळी आली की आपोआप उतरतो. गोड खायची इच्छाही त्याच आठवड्यात होते. मग वहीत दिसतं काय, तर चॉकलेट खाल्लं आणि दोन दिवसांत खाज. प्रत्यक्षात दोन्हींच्या मागे महिन्याचं चक्र. तारीख लिहिली नाहीस तर चॉकलेटला उगाच शिक्षा.

अँटिबायोटिकचे कोर्सही लिही. घसा दुखला म्हणून घेतलेला कोर्स पंधरा दिवसांनी कुणाला आठवत नाही, काल खाल्लेला केक मात्र आठवतो.

शेवंती
हे मात्र पटलं. माझं चक्र मी कधी बघितलंच नव्हतं.

पण तुम्ही सगळ्या आहाराला अगदीच मोडीत काढताय. साखर आणि दुधाचे पदार्थ कमी केल्याने त्रास कमी झाल्याचा १९८० च्या दशकातला एक अभ्यासही आहे, मीही वाचते.

घुबड
आहे, १९८४ चा. लघवीतल्या शर्करा मोजल्या होत्या त्यांनी. कल्पना चांगली होती, पण समोर तुलनेला नेहमीचं खाणाऱ्यांचा गट ठेवून नीट चाचणी झाली असं काही माझ्या वाचनात नाही. त्यामुळे 'आहाराने काहीच होत नाही' असं मीही म्हणणार नाही. साखर कमी करायला कुणाची परवानगी लागत नाही. माझं भांडण फळं, डाळी आणि धान्य बंद करणाऱ्या तक्त्याशी आहे, आणि त्याच्याही आधी कल्चर न करता तो हातात देणाऱ्यांशी.

निळाई
परत आले. सगळ्यांचं वाचून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, पीएचची पट्टी लावली, स्वॅब पाठवला. कल्चर: कॅन्डिडा अल्बिकन्स, फ्लुकोनाझोल चालतंय. म्हणजे मुळात निदान बरोबर होतं, कोर्स अपुरा होता. सहा महिन्यांच्या साप्ताहिक गोळ्या सुरू केल्यात.

आणि एचबीए१सी आला ६.१. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, हा मधुमेह नाही, त्याच्या उंबरठ्यावरचा आकडा आहे, आणि यीस्ट यामुळेच होतंय असं छातीठोक सांगता येणार नाही. पण खाणं बदलायला हे कारण पुरेसं आहे. त्यामुळे शेवंती, तुझी बाजू अर्धी जिंकली बरं का.

तक्ता मात्र फेकला. डॉक्टरांनी दिलंय ते फारच साधं आहे: गोड पेयं आणि फळांचे रस बंद, अख्खी फळं चालू. ताटात अर्धी भाजी, मग डाळ किंवा अंडं, आणि भात-ब्रेड त्यामानाने थोडं. जेवणानंतर चालायचं. मशरूमची भाजी परवाच केली.

शेवंती
अर्धी कशाला, पाऊण! चहा कसा घेतेस?

निळाई
बिनसाखरेचा. भयंकर लागतो.

शेवंती
एकदम तोडू नकोस, दर आठवड्याला पाव चमचा कमी कर. मी एकदम तोडला आणि घरच्यांशी भांडत बसले.

मधली_सुट्टी
डॉक्टर, आम्ही बाळाचा विचार करतोय आणि मलाही साप्ताहिक गोळी सांगितली आहे. चालेल?

पांढरा_कोट
सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना हे नक्की सांगा. गरोदरपणात फ्लुकोनाझोल आम्ही टाळतो. तेव्हा क्लोट्रिमाझोलसारखं क्रीम किंवा योनीत ठेवायची गोळी सात दिवस देतो, एका दिवसाचा डोस तेव्हा पुरत नाही. आणि एक, इथे कुणालाच सांगितलं जात नाही म्हणून: यातली बरीच क्रीम तेलकट असतात आणि लेटेक्सचा कंडोम त्यांनी कमजोर होतो. बाळाचा विचार पुढे ढकलून कंडोमवर असाल, तर क्रीमच्या दिवसांत त्याच्यावर विसंबू नका.